१० बाय १४ च्या खोलीसाठी घरगुती रिफ्लेक्टर : फॉइल लावावे की पांढरा रंग द्यावा?

घाटंजीकडचा फोटोवाला

सर्वांना नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यातल्या एका बाजाराच्या गावी माझा लहानसा स्टुडिओ आहे. खोली १० बाय १४ फुटांची असून वर टिनाचे छत आहे, आणि ऊन थेट डोक्यावर उतरू नये म्हणून त्याखाली जुन्या फ्लेक्सचे आच्छादन ठोकलेले आहे. भिंतींना घरमालकाने पिस्ता रंग दिला आहे. उत्तरेच्या भिंतीत ३ बाय ४ फुटांची खिडकी आहे. एक फ्लॅश आणि त्याचा उजेड मऊ करून पसरवणारा, त्याला लावायचा २ बाय ३ फुटांचा सॉफ्टबॉक्स (पांढऱ्या पडद्याचा कापडी डबा) एवढेच माझे प्रकाशाचे साधन. वीज गेली की खिडकीचाच आधार. निम्मे काम अर्जांना लागणाऱ्या साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटरच्या फोटोंचे असते आणि उरलेले बारशाचे, वाढदिवसाचे व लग्नासाठी स्थळाकडे पाठवायच्या फोटोंचे.

दुसरा फ्लॅश घेण्याची ऐपत येईपर्यंत सावलीकडची बाजू उजळण्यासाठी घरीच रिफ्लेक्टर करावा, असे ठरवले. पहिल्या प्रयत्नात थर्माकोलच्या शीटला चपला चिकटवायच्या सोल्युशनने स्वयंपाकघरातले ॲल्युमिनियम फॉइल लावू गेलो, तर दहा मिनिटांत शीटला उंदराने कुरतडल्यासारखी भोके पडली. दुसऱ्या शीटला सुतारकामाचा पांढरा गोंद वापरला, ते टिकले. परंतु फोटो पाहिले तेव्हा निराशा झाली. गालावर उजेडाचे वेडेवाकडे पट्टे उमटतात, कपाळ तेल लावल्यासारखे चमकते, आणि फॉइल काढून टाकले तर सावलीतला गाल किंचित हिरवट दिसतो. मागील आठवड्यात एका मुलीचा स्थळासाठीचा फोटो घेतला, तेव्हा तिच्या आईने मोबाइलवर तो मोठा करून विचारले, “भाऊ, हा गालावर चट्टा कशाचा?” मला उत्तर देता आले नाही, आणि फोटो पुन्हा काढून द्यावा लागला.

तरी जाणकारांनी सांगावे की फॉइलच नीट लावण्याची काही पद्धत आहे, की पांढरा पृष्ठभागच बरा? फलक किती मोठा असावा आणि चौकट कशाची करावी? उन्हाळ्यात कुलरशिवाय ग्राहक पाच मिनिटेही बसत नाही, आणि कुलरसमोर हलकी वस्तू उभी राहत नाही, ही माझी आणखी एक अडचण आहे.

आर्वीचा जुना स्टुडिओ

नमस्कार भाऊ. आपण प्रश्न तपशिलाने लिहिला, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले आहे. चट्टा, चमक आणि हिरवटपणा ही तीन वेगवेगळी दुखणी आहेत असे आपल्याला वाटत असेल, पण तिन्हींचे मूळ एकच आहे : प्रकाश कोठून परत येतो आहे याकडे लक्ष न देता तो किती परत येतो याचाच आपण विचार करत आहोत.

फॉइल चकाकते म्हणून ते जास्त उजेड देते, ही समजूत बहुतेकांची असते. माझीही अनेक वर्षे होती. वास्तविक चांगला मॅट पांढरा रंग त्याच्यावर पडलेल्या प्रकाशापैकी ८० टक्क्यांहून अधिक प्रकाश परत पाठवतो आणि ॲल्युमिनियमचे फॉइलही त्याच्याच आसपास असते. फरक आहे तो दिशेचा. पांढरा मॅट पृष्ठभाग आलेला प्रकाश सर्व बाजूंना पसरवतो, तर फॉइल तो आरशाप्रमाणे ज्या कोनातून आला त्याच कोनात दुसऱ्या बाजूला फेकते. त्यामुळे फॉइलसमोरच्या एका ठराविक जागी भरपूर उजेड पडतो आणि वीतभर बाजूला तो एकदम कमी होतो. त्यात फॉइल चिकटवताना पडलेली प्रत्येक लांब सुरकुती हा एक स्वतंत्र आरसा असतो आणि त्यातला प्रत्येक आरसा आपल्या सॉफ्टबॉक्सची एक एक पट्टी ग्राहकाच्या गालावर उमटवतो. तो आईने दाखवलेला चट्टा हाच. कपाळाच्या चमकेचे कारणही तेच आहे : घामाने ओलसर झालेली त्वचा स्वतःही थोडी आरशासारखी वागते आणि तिला समोर लहान, झगझगीत वस्तू मिळाली की तिचे प्रतिबिंब ती कॅमेऱ्याला दाखवते. समोर मोठा, मंद पांढरा फलक असेल तर प्रतिबिंब त्याचेच पडते, पण ते इतके पसरलेले असते की डोळ्याला खुपत नाही.

फॉइल वापरायचेच असेल तर आधी त्याचा हाताने चेंडूसारखा चुरगाळा करावा आणि मग हलक्या हाताने उलगडून चिकटवावे, म्हणजे मोठ्या सुरकुत्यांऐवजी हजारो बारीक पैलू होतात आणि पट्टे जातात. पण ते ८–१० फुटांवरून उजेड पोचवायचा असेल तेव्हाच्या कामाचे आहे, जसे अंगणातला पूर्ण उंचीचा फोटो किंवा घरातल्या सगळ्या मंडळींचा गट. १० बाय १४ च्या खोलीत फलक हाताच्या अंतरावर उभा करता येतो, तेथे त्याची गरज नाही.

आता हिरवटपणा. आपल्या सॉफ्टबॉक्सचा उजेड ग्राहकावर पडतो तसाच खोलीभर पसरतो, पिस्ता भिंतीवर आदळतो आणि हिरवा होऊन सावलीतल्या गालावर परत येतो. उजेडातला गाल फ्लॅशच्या रंगाचा आणि सावलीतला भिंतीच्या रंगाचा, असे एकाच चेहऱ्यावर दोन रंग झाले की कॅमेऱ्यातला व्हाइट बॅलन्स (उजेडाचा रंग सावरण्याची सोय) कितीही फिरवला तरी तो एकालाच सावरू शकतो. पांढरा फलक भिंत आणि ग्राहक यांच्या मध्ये उभा राहिला की तो स्वतःचा पांढरा उजेड तर देतोच, शिवाय भिंतीचा हिरवा उजेड अडवतो. माझ्या मते छोट्या खोलीत हे दुसरे काम पहिल्याइतकेच मोलाचे आहे. एक शंका विचारून ठेवतो : छताखालच्या फ्लेक्सची छापील बाजू वर आहे ना? खाली असेल तर कोणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छांचा भगवा किंवा निळा रंग आपल्या ग्राहकांच्या केसांवर उतरत असणार.

आकाराविषयी माझा अनुभव असा की चेहरा व खांद्यांच्या फोटोला २ बाय ३ फूट पुरतात, परंतु उभ्या व्यक्तीसाठी फलक ६ फुटांहून कमी उंच असेल तर चेहरा उजळ आणि साडीच्या निऱ्या काळ्या, असे होते. अंतराचे महत्त्व तर आकाराहूनही अधिक आहे. लहान दिव्याच्या बाबतीत अंतर दुप्पट केले की उजेड एक चतुर्थांश उरतो. मोठा फलक अगदी जवळ असताना हा नियम तंतोतंत लागू होत नाही, उतार सौम्य असतो. पण अंतर फलकाच्या लांबीच्या पुढे गेले की तो नियम आपला हिशेब वसूल करतोच. म्हणून फोटोच्या चौकटीच्या अगदी कडेला, ग्राहकाच्या खांद्यापासून दीड-दोन फुटांवर फलक आणावा. तो व्यक्तीच्या मागच्या बाजूला सरकू देऊ नये; त्याची पुढची कड नाकाच्या रेषेपुढे वीतभर तरी असावी, नाहीतर कान उजळतो आणि गाल तसाच राहतो. कोन ठरवण्याचा सोपा मार्ग म्हणजे स्वतः ग्राहकाच्या स्टुलावर बसून फलकाकडे पाहणे : तेथून जेवढा पांढरा, उजळलेला भाग दिसतो तेवढाच उजेड चेहऱ्याला मिळणार.

एकदा फलक लावल्यावर त्याचा परिणाम मोजूनही पाहावा. चेहऱ्याजवळ पांढरा कोरा कागद धरून कॅमेऱ्याच्या स्पॉट मीटरने (एका लहानशा जागेचाच उजेड मोजण्याच्या सोयीने) आधी उजेडाकडची आणि मग सावलीकडची बाजू मोजा. दोन्हींत एका स्टॉपचे अंतर म्हणजे एक बाजू दुसरीच्या दुप्पट उजळ, दोन स्टॉप म्हणजे चौपट. अर्जाच्या फोटोला मी अर्ध्या स्टॉपच्या आत ठेवतो, कारण तेथे सावली कोणाला नको असते. स्थळाच्या फोटोला एक ते दीड स्टॉप ठेवतो. त्याने चेहऱ्याला ठेवण येते. सगळे सपाट उजळून टाकले की गोऱ्या-सावळ्याचा प्रश्न राहत नाही हे खरे, पण नाकही राहत नाही.

साहित्यासाठी ५ मिलिमीटर जाडीचा सनबोर्ड (फलक-पाट्यांसाठी वापरतात तो हलका पांढरा फोमचा बोर्ड) घ्यावा. तो नुसता वापरला तर थोडा चकाकतो, म्हणून पॉलिश कागदाने हलका घासून त्यावर मॅट पांढऱ्या प्लास्टिक इमल्शनचे दोन हात रोलरने द्यावेत. ऑइलपेंट देऊ नये; त्याची चमक फॉइलच्याच जातीची असते. पुठ्ठा स्वस्त पडतो, परंतु कुलरच्या दमट हवेत तो महिनाभरात पापडासारखा वळतो. थर्माकोल उत्तम, पण सजावटीच्या थर्माकोलवर २०१८ पासून राज्यात बंदी आहे आणि कोपरे फार लवकर तुटतात. आपल्या पहिल्या शीटला भोके पडली ती सोल्युशनमधल्या द्रावकामुळे. थर्माकोल त्यात विरघळतो. स्प्रेच्या डब्यातल्या रंगानेही तेच होते. पाण्यात मिसळणारा गोंद आणि पाण्यात मिसळणारा रंग, एवढे पथ्य पाळले म्हणजे झाले.

वावर आणि कॅमेरा

आर्वीच्या दादांशी मी पूर्ण सहमत आहे; फक्त चौकटीबद्दल आणि एका वेगळ्या साहित्याबद्दल भर घालतो. मी भिवापूरकडचा. घरी मिरची असते, आणि लग्नसराईत मी फोटोग्राफी करतो. मिरचीच्या बेडवर अंथरायचा मल्चिंग पेपर एका बाजूने चंदेरी आणि दुसऱ्या बाजूने काळा असतो. चंदेरी बाजू वर ठेवतात ती उजेड पानांच्या खालच्या अंगाला परत फेकावा आणि किडीला बसायला नकोसे व्हावे म्हणून, आणि काळी बाजू खाली, तण उगवू नये म्हणून. आपल्यालाही हेच दोन गुण हवे आहेत. त्याची चंदेरी बाजू फॉइलसारखी आरसेदार नसते, राखाडीकडे झुकलेली मंद असते, त्यामुळे ती पांढऱ्या आणि फॉइलच्या मधली पडते. गावात कोणाकडेही हंगामानंतर रोलचा शेवटचा तुकडा पडलेला असतो. १५ फूट मागितला तर पैसे घेणारा शेतकरी मला अजून भेटलेला नाही.

चौकटीसाठी इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारा २५ मिलिमीटरचा कंड्युट पाइप (वायरिंगसाठीचा प्लास्टिकचा पाइप) घ्यावा. दुकानदार त्याला दहा फुटी म्हणतो, पण तो भरतो ३ मीटर, म्हणजे ९ फूट १० इंच. हे लक्षात न घेता मी पहिल्यांदा कागदावर मापे काढली आणि प्रत्येक आडवा तुकडा दोन इंच कमी पडला. म्हणून आता प्रत्येक पाइपाचे साडेसहा फूट आणि ३ फूट ४ इंच असे दोन तुकडे करतो. काही वाया जात नाही. साडेसहा फुटांचा उभा तुकडा मधोमध कापून तेथे टी (तीन तोंडांचा जोड) बसवावी, म्हणजे कमरेच्या उंचीला आडवा दांडा टाकता येतो आणि चौकट पिळवटत नाही. असे दोन फलक करायचे तर पाच पाइप, आठ एल्बो (कोपऱ्याचे काटकोनी जोड) आणि चार टी लागतात : चार पाइपांतून सगळे उभे आणि चार आडवे तुकडे निघतात, पाचव्यातून मधले दोन दांडे निघून सव्वातीन फुटांच्या आतबाहेरचा एक तुकडा उरतो.

एकच फलक करू नका, दोन करा आणि त्यांना पुस्तकाच्या पानांसारखे एका कडेने जोडा. जोडायला बिजागरीची आवश्यकता नाही. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या चार ठिकाणी आवळून बांधल्या की झाले. उघडलेले पुस्तक टेबलावर जसे स्वतः उभे राहते तसे हे दोन फलक स्टँडशिवाय उभे राहतात, कोन हवा तेवढा उघडता येतो आणि रात्री मिटून भिंतीला लावून ठेवता येतात. कुलरच्या वाऱ्यासाठी एक युक्ती आहे. सगळ्यात खालच्या आडव्या पाइपात एल्बो बसवण्यापूर्वी कोरडी वाळू ठासून भरावी आणि दोन्ही तोंडांना चिंधीचा बोळा घालावा. वजन तळाला गेले की कुलरसमोरही फलक सहसा हलत नाही. मोकळ्या अंगणात मात्र यावर विसंबू नये. तेथे २० चौरस फुटांचा फलक म्हणजे शीड असते. खताच्या रिकाम्या पोत्यात पायलीभर वाळू घालून प्रत्येक कोपऱ्यावर ठेवावी, आणि एक माणूस धरायला असावाच.

सांधे सोल्युशनने चिकटवू नयेत, अर्ध्या इंचाचा एकेक स्क्रू मारावा. बाहेरगावी जाताना चौकट सोडून मोटारसायकलला बांधता येते. हे पाइप टिनाच्या शेडमध्ये किंवा उन्हात गाडीच्या कॅरियरवर आडवे, टोकांवर टेकवून ठेवू नका. आपल्याकडच्या मे महिन्यात ते धनुष्यासारखे वाकतात आणि परत सरळ होत नाहीत.

मल्चिंग पेपर ४ फूट रुंद मिळतो, त्यामुळे चौकटीच्या दोन्ही अंगांना दोन-अडीच इंच गुंडाळायला उरतात. तो फार ताणू नये. पातळ असल्याने लांबतो आणि मग तेथे कायमची लाट राहते. आधी चौकटीवर पांढरे कापड ताणून घ्यावे आणि मल्चिंग पेपर वरून क्लिपांनी अडकवावा, म्हणजे एकाच चौकटीवर पांढरी, चंदेरी आणि काळी अशा तिन्ही बाजू आलटून पालटून वापरता येतात.

अचलपूरची लेन्स

वरच्या उत्तरात पांढऱ्या कापडाचा उल्लेख आला, म्हणून लिहिते. कोणतेही पांढरे कापड पांढरे असते असे नाही, हे मी लहान बाळांचे फोटो घेताना शिकले. कोरे, न धुतलेले मांजरपाट किंचित पिवळसर असते. त्यावरून परतलेला उजेड उबदार येतो आणि सावळ्या वर्णाला तो सुंदर दिसतो, पण पांढऱ्या झबल्यातल्या बाळाची एक बाजू दुधाळ आणि दुसरी तुपाळ दिसू लागते. उलट घरातली जुनी पांढरी चादर घेतली तर तिच्यात वर्षानुवर्षांची नीळ आणि साबणाच्या पावडरीतली चकाकी मुरलेली असते. पावडरीतले ते द्रव्य डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण शोषून निळसर उजेड बाहेर टाकते, म्हणूनच कपडे ‘जास्त पांढरे’ भासतात. खिडकीच्या उजेडात आणि काही फ्लॅशच्या उजेडात हा निळेपणा फोटोत उतरतो. मी आता मांजरपाट सोड्याच्या गरम पाण्यात दोन वेळा उकळून, नीळ न देता सावलीत वाळवते. शंका असेल तर फलकाच्या कापडाशेजारी झेरॉक्सचा कागद नव्हे, कारण त्यातही तीच चकाकी असते, तर मॅट इमल्शन दिलेला फळीचा तुकडा ठेवून एक फोटो घ्यावा आणि पडद्यावर दोन्हींचा रंग ताडून पाहावा.

आपल्या कामातली एक गोष्ट वरच्या दोघा दादांनी सांगितलेली नाही, कदाचित पुरुषांना ती तितकी जाणवत नसेल. आपल्याकडच्या आजीबाई डोक्यावरचा पदर काढत नाहीत आणि आजोबा टोपी काढत नाहीत, आणि काढायला सांगूही नये. मग डोळे खोबणीत काळे पडतात. त्यांना बाजूच्या ६ फुटी फलकाचा काहीही उपयोग होत नाही. पाटाएवढा, दीड बाय दोन फुटांचा पांढरा फलक त्यांच्याच मांडीवर ठेवून कडेने थोडा उचलावा, म्हणजे डोळ्यांत उजेड येतो आणि बुबुळात एक बारीक पांढरा ठिपकाही दिसतो, ज्यामुळे चेहरा जिवंत वाटतो. येथे मात्र चंदेरी बाजू कधीही वापरू नये. खालून जोरात उजेड आला की हनुवटी आणि नाकपुड्या उजळतात आणि माणूस शेकोटीपुढे बसून भुताची गोष्ट सांगत असल्यासारखा दिसतो.

चष्म्याच्या काचेत मोठा फलक दिसत असेल तर फलक हलवण्याआधी चष्म्याच्या काड्या कानांवर थोड्या उचलाव्यात, म्हणजे काचा किंचित खाली झुकतात आणि प्रतिबिंब जमिनीकडे जाते. इतके बहुतेक वेळा पुरते.

खिडकीवर विसंबणार असाल तर एक सूचना. उत्तरेची खिडकी वर्षभर सावलीत असते हे आपल्या अक्षांशावर पूर्ण खरे नाही. मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्यही आपल्या डोक्यावरून किंचित उत्तरेला असतो, आणि उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन त्या खिडकीतून सरळ आत येते. त्या दिवसांत खिडकीला पातळ पांढरे कापड लावून ठेवावे. नाहीतर फलक इकडे मेहनत करतो आणि तिकडे गालावर गजांची सावली पडते.

साधा हिशेब

इतका खटाटोप कशासाठी, हे मला प्रामाणिकपणे समजत नाही. ११० सेंटिमीटरचा घडीचा गोल रिफ्लेक्टर बाजारात मिळतो; त्याला पांढरी, चंदेरी, सोनेरी, काळी आणि मधली अर्धपारदर्शक अशा पाच बाजू असतात आणि तो पिशवीत मावतो. पाइप कापण्यात आणि कापड उकळण्यात जाणारा दिवस धरला तर घरगुती फलक स्वस्त पडतो, असे म्हणता येणार नाही.

घाटंजीकडचा फोटोवाला

आपला मुद्दा रास्त आहे आणि बाहेरच्या कामासाठी मी तो घेईनही. पण मी हिशेब करून पाहिला. ११० सेंटिमीटर व्यासाच्या गोलाचे क्षेत्रफळ एक चौरस मीटरलाही थोडे कमी भरते, तर भिवापूरच्या भाऊंच्या मापाचा एक फलक दोन चौरस मीटरचा होतो, आणि ते दोन आहेत. शिवाय गोल रिफ्लेक्टर धरायला माणूस किंवा स्टँड लागतो. माझ्याकडे माणूस म्हणजे आठवीतला मुलगा. तो शाळेत असतो त्या वेळेतच अर्जवाले येतात. पिस्ता भिंत झाकायची आहे, ते काम गोलाने होणार नाही.

आर्वीच्या दादांना : फ्लेक्सची छापील बाजू खालीच होती. आपण लिहिल्यावर मान वर करून पाहिले. गुलाबी होता.

वावर आणि कॅमेरा

तो फ्लेक्स उलटा करा, बाकी सगळे नंतर. आणि उलटी बाजू राखाडी असेल तर तशीच राहू द्या, राखाडी रंग काही बिघडवत नाही.

घाटंजीकडचा फोटोवाला

तीन आठवड्यांनी लिहीत आहे, त्याबद्दल क्षमस्व. मध्ये पेरणीची धांदल होती आणि माझे पाहुणेही शेतकरीच आहेत. फलक झाले. सनबोर्ड आमच्याकडे पूर्ण मापाचा मिळाला नाही, म्हणून चौकटीवर मांजरपाट ताणले. अचलपूरच्या ताईंनी सांगितल्याप्रमाणे ते दोनदा उकळले, तरी मला ते थोडे पिवळसर वाटत होते. मग इमल्शनमध्ये जवळजवळ तेवढेच पाणी घालून कापडावर एक पातळ हात दिला. कापड चामड्यासारखे ताठ झाले आणि रंगही जमला. हा उपाय कोणी करणार असेल तर कापड आधी चौकटीवर ताणून मगच रंग द्यावा. मी पहिला तुकडा जमिनीवर पसरून रंगवला आणि तो वाळताना एवढा आक्रसला की चौकटीला पुरला नाही.

वाळू भरलेला खालचा पाइप कुलरसमोर पक्का उभा आहे. मात्र मी एक चूक केली. दोन्ही फलकांचा कोन फार उघडला, जवळजवळ सरळ रेषेत, आणि पुस्तक पाठीवर पडावे तसे ते मागे पडले. काही मोडले नाही. आता जमिनीवर खडूने दोन रेषा आखून ठेवल्या आहेत आणि त्यापलीकडे कोन उघडायचा नाही, असे मुलालाही सांगितले आहे.

मोजमाप केले त्याचेही सांगतो. फलकाशिवाय दोन्ही गालांत अडीच स्टॉपांचा फरक येत होता. फलक ४ फुटांवर ठेवल्यावर तो पावणेदोनवर आला आणि दीड फुटावर आणल्यावर एका स्टॉपच्याही आत गेला. हिरवटपणा गेला. अर्जाच्या फोटोंसाठी सॉफ्टबॉक्सही थोडा समोर घेतो, म्हणजे अर्ध्या स्टॉपचे गणित जमते. मल्चिंग पेपरची चंदेरी बाजू मी खोलीत एकदाच लावून पाहिली आणि काढून ठेवली. तिची काळी बाजू मात्र रोज लागते. पांढऱ्या पडद्यापुढे पांढरा सदरा किंवा शाळेचा पांढरा शर्ट घातलेला माणूस बसला की खांदे पडद्यात विरघळून जात असत. आता एका फलकावर काळी बाजू लावून तो खांद्याजवळ, फक्त फोटोच्या चौकटीबाहेर राहील असा उभा करतो आणि शर्टाला कडेने बारीक करडी रेघ येते.

पाचव्या पाइपातून उरलेला तुकडा पाटाएवढ्या फळीला मागून ठोकला आहे. आजीबाईंच्या मांडीवर ती फळी ठेवायची आणि दांडा त्यांच्याच हातात द्यायचा. काल एका आजींनी फोटो झाल्यावरही तो सोडला नाही, आणि “माझ्या सुनेचाही काढ, मी धरते,” म्हणून तशाच बसून राहिल्या.